टोपी गल्लीची पाटी

मंगळवार, २६ नोव्हेंबर १९९६. सकाळी थंडी बरी होती. दूध उशिरा आले. साडेनऊच्या सुमारास नगरपालिकेचे दोघे जण शिडी घेऊन मागच्या गल्लीत आले. कोपऱ्यावरची 'टोपी गल्ली' ही पाटी काढून तिथे 'प्रभाग ३, गल्ली क्र. ७' अशी नवी लावली. जुन्या पाटीचे दोन खिळे निघेनात म्हणून पत्रा पिळून काढला. पुंजाराम दारात उभे होते. दुपारी मेथी निवडली. डाव्या गुडघ्याला तेल लावले.

त्या दिवसाचे माझ्या वहीत एवढेच आहे. पुंजाराम दारात उभे होते, पण कसे उभे होते, काय म्हणाले, यातले काही नाही. माझी लिहिण्याची रीतच तशी होती. माझे वडील निजामाच्या रेल्वेत होते. मी सिकंदराबादला कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे सिस्टर ॲग्नेस आमच्याकडून रोज दहा ओळी लिहून घेत. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तेच लिहायचे, ऐकलेले लिहायचे नाही आणि मनातले तर नाहीच नाही, असा त्यांचा दंडक होता. शाळा सुटली, लग्न झाले, मी १९५२ साली या गावी नांदायला आले, तरी वही सुटली नाही. यजमान तहसिलीत पेशकार होते. गावात मला कुणी नावाने ओळखत नाही. पेशकारीणबाई म्हणतात, किंवा नुसते बाई.

आज मात्र मला वहीत नसलेलेच लिहायचे आहे. टोप्या शिवणारे पुंजाराम जाऊन आता दोन वर्षे झाली. त्यांच्या बाबतीत माझ्या हातून जे झाले, ते कुठेतरी सरळ लिहून ठेवावे असे वाटते.

मी आले तेव्हा आमच्या घरामागच्या गल्लीत अकरा घरे टोप्या शिवणाऱ्यांची होती. निजामाच्या काळात तिथे गोंड्याची लाल रुमी टोपी व्हायची. ती नुकतीच बंद पडली होती, आणि उरलेल्या लाल लोकरी बनातीचे तुकडे बायका तव्याला धरायला वापरत. काळी टोपी आणि पांढरी टोपी मात्र जोरात चाले. सकाळी खळ शिजवल्याचा वास यायचा आणि दुपारपर्यंत ओट्या-ओट्यांवर लाकडी साच्यांवर चढवलेल्या टोप्या वाळत असायच्या. लांबून पाहिले तर माणसे गळ्यापर्यंत जमिनीत पुरून रांगेत बसली आहेत असे वाटे. पलीकडच्या अरुंद बोळात रुमी टोपीचे गोंडे करणारे राहत, म्हणून तो गोंडेवाला बोळ.

पुंजाराम त्या वेळी चोवीस-पंचविशीचे असतील. शिडशिडीत, बुटके, कानावर कायम निळा खडू. जन्मभर दुसऱ्यांच्या डोक्याचे पाहिले, पण स्वतः कधी टोपी घातली नाही. त्यांची बायको द्वारकाबाई तोंडाने फटकळ. ओट्यावर खळ ढवळता ढवळता येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायची, "मालकाचं डोस्कं बघू नका, काम बघा. सोताला टोपी घालायला त्यांना सवडच न्हाई भेटली."

"तू घालू देतीस व्हय?" पुंजाराम खाली मानेने म्हणत, आणि गिऱ्हाईक हसत.

त्यांच्या भिंतीवर रंगाऱ्याकडून काढून घेतलेल्या तीन टोप्या होत्या, लाल, काळी आणि पांढरी. खाली लिहिले होते, 'डोक्याच्या मापाने शिवून मिळेल'. लाल टोपी उन्हाने गुलाबी झाली, पांढरी भिंतीत मिसळून गेली, काळी तेवढी शेवटपर्यंत दिसत असे.

माप ते दोरीने घेत. डोक्याभोवती दोरी फिरवायची, जुळते तिथे गाठ मारायची, की झाले. या दोऱ्या ते फेकत नसत. खुंटीला त्यांचा झुबका असे आणि कोणती कुणाची हे त्यांना गाठीवरून कळे. धावड्याचा, केदारखेड्याचा पाटील नुसता निरोप धाडी आणि इकडून टोपी जाई.

पण त्यांचे खरे कसब होते दुखवट्याच्या टोपीत. आमच्या भागात वडील गेले की मुलगा दहाव्याला डोके करतो, आणि तेराव्याला मामा चारचौघांत त्याच्या डोक्यावर नवी टोपी ठेवतो. ती टोपी बसली की दुखवटा सुटला आणि मुलगा घरचा कर्ता झाला. आता डोके केलेल्या माणसाचे माप केसांच्या मापापेक्षा कमी भरते. नेहमीच्या मापाची टोपी घातली तर ती भुवयांवर येते आणि भरल्या मांडवात पोरगा केविलवाणा दिसतो. पुंजाराम ही टोपी एक सूत लहान शिवत, पण आत एक घडी ठेवत. महिन्या-दोन महिन्यांनी केस आले की घडीचा टाका उसवायचा, टोपी बरोबर होते. या टोपीला ते खळ देत नसत, कारण वस्तरा फिरलेल्या कातडीला कडक कापड टोचते. एवढा विचार करणारे दुसरे कुणी मी पाहिले नाही.

१९८१ साली जालना जिल्हा वेगळा झाला तेव्हा गल्लीत टोप्यांची तीनच घरे उरली होती. तरुण मुले टोपी घालीनाशी झाली होती, आणि जे घालत त्यांच्यासाठी बाजारात तयार टोप्यांचे गठ्ठे येऊ लागले. १९८३ च्या फेब्रुवारीत माझे यजमान गेले तोवर एकटे पुंजाराम राहिले होते.

तेराव्याला माझा भाऊ औरंगाबादहून चांगल्या दुकानातली टोपी घेऊन आला. मंडळी बसली होती. भावाने माझ्या मुलाच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि ती थेट कानांवर आली. मुलाला पुढचे दिसेना. कुणीतरी बारीक हसले. भाऊ खजील होऊन इकडे-तिकडे पाहू लागला. तेवढ्यात मागच्या रांगेतून पुंजाराम उठले, पिशवीतून घडी केलेली टोपी काढून भावाच्या हातात दिली आणि हळूच म्हणाले, "मामा, ही घाला. तुमचीच समजा."

ती नेमकी बसली. त्यांना कुणी सांगितले नव्हते, माप कुणी दिले नव्हते. नंतर मी विचारले तर म्हणाले, "दहाव्याला नदीवर आल्तो ना बाई. तवाच बघून घेतलं. म्हन्लं, मामा शहरातला हाये, त्याला कुटं ठावं असंल?"

आता १९९६. नगरपालिकेने ठरवले की गावातल्या सगळ्या गल्ल्यांना प्रभागवार क्रमांक द्यायचे. पत्रे नीट पोचतील, घरपट्टीला सोपे जाईल. मात्र जी नावे जुनी आहेत ती तशीच ठेवायची. जुनी म्हणजे आपण जुन्या हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आलो त्या १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीची, आणि तसा काही लेखी पुरावा हवा. कचेरीतले जुने कागद वाळवीने खाल्ले होते. गोंडेवाल्या बोळाचे नाव एका उर्दू खरेदीखतात सापडले, तो वाचला. टोपी गल्लीचे कशातच सापडेना.

जुलै महिन्यात मच्छिंद्र माझ्याकडे आला. हा तिथला कारकून, यजमानांच्या हाताखाली काम केलेल्या गृहस्थांचा मुलगा. मला काकू म्हणतो.

"काकू, तुमच्या वह्या म्हणे लग्नापासूनच्या आहेत. त्यात बघून एक पत्र द्या, म्हणजे टोपी गल्लीचं काम होऊन जातं."

त्याच दुपारी पुंजाराम आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"बाई, तुमच्या वहीत असंल ना?"

"असेल. बघते."

"असंल म्हंजे काय? तुमी तर पाऊस किती वाजता आल्ता त्येबी लिवता. गल्लीचं नाव न्हाई का लिवनार?"

"पाटी गेली तर असं काय मोठं बिघडतं, पुंजाराम? तुम्ही तर तिथेच राहणार."

त्यांनी मान हलवली. "मी इथंच हाय वो. पन ज्याच्या घरी माती झाली त्यो मानूस यष्टीतून उतरतो. त्याला माझं नाव ठावं नसतं. त्यो इचारतो, टोपी गल्ली कुटं हाये? पाटी वाचून येतो. सात नंबरात टोपी भेटती हे त्याला सपनात पडनार हाये का?"

मी तीन दिवस बसून १९५२ ते १९५६ च्या पाचही वह्या ओळ न् ओळ वाचल्या. खळीचा वास होता, साच्यांची रांग होती. पण गल्लीचे नाव कुठेच नव्हते. ती गल्ली आमच्या घरामागे, म्हणून मी पहिल्या दिवसापासून 'मागची गल्ली' असेच लिहीत आले होते. एकशे चौदा ठिकाणी मागची गल्ली. आणि मग १९५७ च्या वहीत, गुरुवार, १५ ऑगस्ट: 'झेंडावंदनानंतर मागच्या गल्लीत टोपी गल्ली अशी नवी पाटी लावली. पांढऱ्यावर निळी अक्षरे. पेढे वाटले.'

साडेनऊ महिन्यांनी उशीर.

मच्छिंद्र पत्र न्यायला आला तेव्हा मी त्याला हे दाखवले. त्याने कपाळाला हात लावला.

"काकू, हे १९५७ चं कशाला काढलं? तुम्ही फक्त लिहा की आधीपासून हेच नाव होतं. कोण वह्या तपासायला येतंय?"

"म्हणजे मी खोटं लिहून देऊ?"

"खोटं कुठं आहे? सगळं गाव टोपी गल्लीच म्हणायचं की! पाटी नंतर लागली एवढंच."

"वहीत नाही ते मी लिहिणार नाही, मच्छिंद्र."

"पण तुम्ही ऐकलं तर असेल?"

"ऐकलेलं मी लिहीत नाही."

आणि मी स्वच्छ अक्षरात लिहून दिले: माझ्या नोंदींनुसार सदर गल्लीस टोपी गल्ली हे नाव १५ ऑगस्ट १९५७ रोजी पाटी लावल्यापासून आढळते, त्यापूर्वीच्या नोंदींत हे नाव आढळत नाही. खाली सही केली, तारीख घातली. मला त्या वेळी समाधानच वाटले होते, हे कबूल करते. सिस्टर ॲग्नेस असत्या तर त्यांनी पाठ थोपटली असती असेही मनात येऊन गेले.

पत्रातला शब्दही खोटा नव्हता. पण दुसरीही एक गोष्ट खरी होती. १९५२ साली मी बैलगाडीतून या गावात पहिल्यांदा आले तेव्हा गाडीवान वेशीपाशी थांबून विचारत होता, आणि पारावरचा एक म्हातारा ओरडून म्हणाला होता, "पेशकाराचं घर? टोपी गल्लीच्या म्होरं!" सासरच्या गावात माझ्या कानावर पडलेले ते पहिले शब्द. नव्या नवरीला हसू आले होते, म्हणून नीट आठवतात. ही एक ओळ मी पत्रात घातली असती तर ते खोटे ठरले नसते. कचेरीला तेवढी पुरली असती. पण ती वहीत नव्हती, आणि वहीबाहेरचेही काही खरे असू शकते हे मला त्या दिवशी सुचलेच नाही. किंवा सुचले, आणि मी ते बाजूला सारले. आता नक्की सांगता येत नाही.

नोव्हेंबरात पाटी निघाली. पुढे जे झाले ते मला जास्त जड गेले. पुंजाराम गल्लीत, चक्कीवर, देवळात सगळ्यांना सांगू लागले, "बाईंनी तर लिवून दिल्तं. बराबर लिवून दिल्तं. पन कचेरीवाले ऐकत्यात का कुनाचं?" माझ्यासमोर एकाने शंका काढली तर त्याच्यावर उखडले. "पेशकारीनबाईवर बोलायचं काम न्हाई! त्यांच्या एवढं लिवलेलं गावात कुनाकडं हाये?" मी तिथेच उभी होते. पोळ्यांचे पीठ मळायचे आहे असे काहीतरी म्हणून घरी आले.

असे सव्वा वर्ष गेले. मधे एका सकाळी धावड्याचा एक माणूस आमच्या फाटकाशी उभा दिसला. हातात पिशवी, डोळे सुजलेले. भाच्यासाठी टोपी हवी होती.

"स्टँडवर इचारलं तर पोरं म्हन्ली, अशी गल्लीच न्हाई. मंग तयार घेतली एक. म्हातारी म्हन्ली व्हती, टोपी गल्लीतूनच आन. आता जाऊ द्या, मोटारीची येळ झाली माझी."

मी त्याला म्हटले, ही काय मागेच आहे, चला दाखवते. त्याने घड्याळ पाहिले आणि नको म्हणाला. पिशवीतली टोपी मला दिसत होती. चांगली मोठी होती.

मी दुसरे पत्र लिहिले. गाडीवान, म्हातारा, सगळे घातले. मच्छिंद्रने ते वाचून टेबलावर ठेवले. "काकू, आता कसं चालेल? पहिल्या पत्रात तुम्हीच लिहिलंय की आढळत नाही. साहेब म्हणतील, बाईंना दीड वर्षानंतर कसं आढळलं?" तो हसत नव्हता. त्यालाही वाईट वाटले होते.

मग रविवार, २२ मार्च १९९८ या दिवशी मी पुंजारामांकडे गेले. ते ओट्यावर उशीचे अभ्रे शिवत बसले होते. द्वारकाबाई लसूण सोलत होती. मी बसले, पाणी घेतले आणि पहिल्यापासून सगळे सांगितले. पत्र मी त्यांच्या बाजूने दिलेच नव्हते हे सांगितले. गाडीवानाचेही सांगितले.

द्वारकाबाईचे हात थांबले. "म्हंजे तुमाला ठावं व्हतं?"

"होतं."

"अन् लिवलं न्हाई?"

"नाही."

"का वो बाई? आमी काय वाईट केल्तं तुमचं?"

वहीचे कारण ओठांवर आले होते, पण त्या ओट्यावर बसून ते मला सांगवेना.

"ऱ्हाऊ दे, गप," पुंजाराम तिला म्हणाले. त्यांनी सुईत दोरा ओवला. एकदा चुकला, पुन्हा ओवला. "बाईंनी त्यांच्या वहीत व्हतं तेच दिलं. खोटं कसं देतील?"

"खोटं नव्हतं ते, पुंजाराम. खरंच होतं. मी दिलं नाही."

ते अभ्रा शिवू लागले. टाके नेहमीसारखेच बारीक. मग वर न पाहता विचारले, "बाई, एक इचारू का? राग नका धरू. गल्लीचं जाऊ द्या. त्या वह्यांत माझं नाव तरी हाये का?"

"असेल की," मी म्हटले. "बघते."

तोंडातून शब्द गेले आणि मग माझे मलाच कळले की दीड वर्षापूर्वी मी त्यांना हेच दोन शब्द बोलले होते. द्वारकाबाईने माझ्याकडे एकदा पाहिले आणि लसणाची सुपली घेऊन आत गेली. पुंजाराम मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आले. नव्या पाटीकडे दोघांनीही पाहिले नाही.

घरी येऊन मी वह्या काढल्या. १९५२ पासून १९८३ पर्यंत एकतीस वर्षांत ते चाळीसेक वेळा आले आहेत. 'मागच्या गल्लीतला टोपीवाला येऊन गेला.' 'टोपीवाल्याकडून यजमानांची काळी टोपी आली.' 'टोपीवाल्याच्या बायकोला मुलगी झाली.' यजमानांच्या तेराव्याच्या नोंदीतसुद्धा 'टोपीवाल्याने वेळेवर दुसरी टोपी दिली' एवढेच आहे, त्यानंतरही टोपीवालाच. पुंजाराम हे नाव पहिल्यांदा लिहिलेले सापडले ते १९९६ च्या जुलैत, ते माझ्या दारी पत्र मागायला आले त्या दिवशी.

हे मी त्यांना कधी सांगितले नाही. पुढे चार वर्षे आम्ही बोलत होतो. ते येता-जाता 'काय बाई, पाऊस लिवला का?' म्हणून विचारत, आणि मी 'लिहिला' म्हणत असे. वहीत नाव आहे का हे त्यांनी पुन्हा विचारले नाही.

त्या रविवारी संध्याकाळी मी वही उघडून बसले. ओट्यावरचे बोलणे लिहावे असे वाटत होते, पण हाताला सवय नव्हती. शेवटी तारीख घातली आणि लिहिले: ज्वारी पाच किलो दळून आणली; पीठ गरम होते म्हणून डब्याचे झाकण उघडे ठेवले.